उमेदवाराचे घर आणि उमेदवारीचे कारण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या या व्याख्यानमालेत एक पुष्प गुंफण्याची आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली, तेव्हा विषयाची निवडही आमच्यावरच सोपविली होती. संतवाङ्मयातील एखादा सोज्वळ विषय घ्यावा, असा आमचा बेत होता. परंतु गेल्या वार्षिक सभेत जो प्रश्न निघाला आणि निर्णयावाचून राहिला, तो डावलून दुसऱ्याच विषयावर तासभर बोलणे आम्हांस प्रशस्त वाटेना. प्रश्न आपणा सर्वांस ठाऊक आहे. मंडळाच्या एका तरुण कार्यकर्त्याने राज्याच्या विधानसभेची निवडणूक लढविण्याचा मनोदय व्यक्त केला आणि मंडळाने आपल्याला पाठिंब्याचे पत्र द्यावे, अशी विनंती केली. एका पक्षाने म्हटले, ‘इतक्या वर्षांनी आपला माणूस भोपाळला जातो आहे, पत्र द्यायलाच हवे.’ दुसऱ्या पक्षाने म्हटले, ‘मंडळात राजकारण नको.’ पुढे शब्दाने शब्द वाढला. गणेशोत्सवाच्या पंगतीत ज्यांची पाने पिढ्यान्‌पिढ्या शेजारी मांडली गेली, अशी दोन घरे त्या दिवसापासून एकमेकांशी बोलत नाहीत. मंडळाच्या पन्नासाव्या वर्षी हे व्हावे, याची खंत आपणा सर्वांनाच आहे.

आरंभीच आमची मर्यादा सांगून टाकतो. आम्ही केंद्र सरकारचे सेवक आहोत. आमच्या सेवेस लागू असणाऱ्या १९६४ च्या आचरण नियमांतील पाचव्या नियमाने आम्हांस मतदानाचा हक्क ठेवला आहे. परंतु कोणाचा प्रचार करण्यास, अथवा आपण मत कोणाला दिले वा देणार याची नुसती चाहूल लागू देण्यासही मनाई केली आहे. म्हणून आज आम्ही त्या कार्यकर्त्याचे नाव घेणार नाही. पक्षाचे नाही आणि मतदारसंघाचेही नाही. आमचा प्रश्न सर्वसामान्य आहे. कोणी उमेदवार म्हणून उभा राहतो, तेव्हा त्याच्याविषयी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. तो कोठून आला, आणि तो कशासाठी जाऊ पाहतो. पहिली त्याची पार्श्वभूमी आणि दुसरे त्याचे कारण. या दोहोंविषयी कायदा काय म्हणतो, आपल्या या प्रांताचा इतिहास काय सांगतो आणि मंडळासारख्या संस्थेने काय करावे, एवढेच आज आम्ही मांडणार आहोत.

प्रथम कायद्याकडे पाहू. विधानसभेचा उमेदवार होण्यास संविधानाच्या १७३ व्या अनुच्छेदाने फार थोड्या अटी घातल्या आहेत. तो भारताचा नागरिक असावा, त्याने पंचवीस वर्षे पूर्ण केलेली असावीत आणि त्याने शपथ घ्यावी. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने आणखी एक अट जोडली, ती ही की, तो त्या राज्यातील कोणत्याही एका मतदारसंघाचा मतदार असावा. येथे ‘कोणत्याही’ हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. जबलपुरातून उभे राहणाऱ्याने जबलपुरातच राहिले पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. झाबुआचा मतदार पाटणमधून उभा राहू शकतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एक सूचक पुरतो, अपक्षास दहा लागतात. अनामत रक्कम दहा हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास तिची निम्मी. पडलेल्या वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पराभूत उमेदवाराची अनामत जप्त होते. मध्य प्रदेशासारख्या मोठ्या राज्यात उमेदवाराने किती खर्च करावा याची मर्यादा २०२२ पासून चाळीस लाख रुपये आहे. आपणांपैकी पुष्कळांनी उभ्या आयुष्यात तेवढी पुंजी एकत्र पाहिलेली नाही. पण तो विषय आज बाजूस ठेवू.

पार्श्वभूमीविषयी मात्र कायदा अलीकडे बराच जागरूक झाला आहे. पूर्वी उमेदवार आपल्याविषयी जे सांगेल, तेच मतदाराला कळत असे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००३ साली दिलेल्या दोन निर्णयांनी ही स्थिती पालटली. उमेदवाराविषयीची माहिती मिळणे हा मतदाराच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने ठरविले. तेव्हापासून प्रत्येक उमेदवाराला नामनिर्देशनाबरोबर शपथपत्र द्यावे लागते. त्यात त्याच्यावरील फौजदारी खटले, त्याची व त्याच्या पतीची वा पत्नीची आणि अवलंबितांची मालमत्ता, त्याची कर्जे आणि त्याचे शिक्षण यांची नोंद असते. हे शपथपत्र कोणाही नागरिकास पाहता येते. ही सुधारणा मोठीच झाली. आम्ही सरकारी कागदपत्रांतच आयुष्य घालविले. त्यामुळे कागदाचे सामर्थ्य आम्ही जाणतो आणि कागदाची उणीवही जाणतो. या शपथपत्रात घराचा, शेताचा, दागिन्यांचा रकाना आहे. ‘आपण कशासाठी उभे राहत आहात?’ असा रकाना त्यात नाही. तो प्रश्न कायद्याने मतदारावर सोडला आहे. आणि मतदाराने तो बहुधा विचारलेला नाही.

आता आपल्या प्रांताच्या इतिहासाकडे वळू. जबलपूर आणि मराठी माणूस यांचा संबंध इंग्रजी अमदानीच्याही आधीचा आहे. १७९८ पासून १८१७ पर्यंत हे शहर नागपूरकर भोसल्यांकडे होते. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला, त्याची राजधानी नागपूर ठरली. पुढे वऱ्हाड त्यास जोडला गेला. जवळजवळ शंभर वर्षे जबलपूरच्या माणसाला दरबारी वा कायदेमंडळाचे काम निघाले की तो सिवनीमार्गे नागपूरला जात असे. त्या सभागृहात हिंदी बोलणारा महाकोशल आणि मराठी बोलणारा विदर्भ शेजारी बसत. जबलपूरचा मराठी माणूस शहरात थोडका असला, तरी राजधानी त्याच्या भाषेची होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हे चित्र एका दिवसात बदलले. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. महाकोशल, मध्यभारत, विंध्यप्रदेश आणि भोपाळ मिळून नवा मध्य प्रदेश झाला. राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपुरास मिळाले. आपण ज्या घरात होतो त्याच घरात राहिलो. सीमा मात्र आपल्या अंगणाच्या पलीकडून निघून गेली आणि आपण भाषिक अल्पसंख्य झालो. भाषावार प्रांतरचना झाली ती योग्यच झाली, तिच्याविषयी तक्रार नाही. तिचा हिशेब मात्र आपण नीट मांडला पाहिजे. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ आणि ३५०-ब हे अनुच्छेद संविधानात आले. अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करण्याचा प्रयत्न करावा, असे पहिला म्हणतो; भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमावा, असे दुसरा म्हणतो. म्हणजे घटनाकारांना आपली आठवण होती. परंतु कागदावरची सोय वर्गात उतरवायची, तर विधानसभेत कोणीतरी उभे राहून प्रश्न विचारावा लागतो. तेथे आपली बाजू मांडणारा नसला, तर अनुच्छेद जागच्या जागी राहतो आणि मराठीचा वर्ग बंद पडतो.

मग आपल्यातून उमेदवार का निघाले नाहीत? या शहरात अल्पसंख्य भाषिकांना राजकारणात स्थान मिळाले नाही, असे मुळीच नाही. कराचीत जन्मलेले सिंधी गृहस्थ ईश्वरदास रोहाणी जबलपूर छावणीतून निवडून गेले आणि २००३ ते २०१३ या काळात विधानसभेचे अध्यक्ष होते. श्रीमती जयश्री बॅनर्जी या बंगाली नावाच्या बाई विधानसभेत बसल्या आणि १९९९ साली जबलपूरच्या खासदार झाल्या. आपल्यातले बाबूराव परांजपे याच जबलपुरातून लोकसभेवर एकाहून अधिक वेळा निवडून गेले. होशंगाबाद जिल्ह्यातून येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकावयास आलेल्या शरद यादवांना सेठ गोविंददासांच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत जबलपूरनेच लोकसभेत धाडले. मतदाराने येथे आडनाव पाहून दार लावून घेतले, असे इतिहास सांगत नाही.

कारण दुसरीकडे शोधावयास हवे; आणि आमच्या मते ते आपल्या घरांच्या बांधणीत आहे. जबलपूरची मराठी वस्ती ही मुख्यतः नोकरदारांची वस्ती. तोफगाडी कारखाना १९०४ चा. त्यानंतर खमरियाचा दारूगोळा कारखाना आला, वाहन कारखाना आला. रेल्वे, तारखाते, विद्युत मंडळ, उच्च न्यायालय, शाळा आणि महाविद्यालये ही आपली अन्नछत्रे. सरकारी नोकराला राजकारणात भाग घेता येत नाही, हे आम्ही आताच सांगितले. नियम एका माणसाला लागू असतो. पण त्याची सावली साऱ्या घरावर पडते. ‘बाबांच्या नोकरीला धक्का लागेल’ हे वाक्य ज्या घरात मूल लहानपणापासून ऐकते, त्या घरातून उमेदवार कसा निघावा? त्यातून बदलीची टांगती तलवार. वॉर्डातल्या नळाविषयी भांडण करावे, तर पुढल्या वर्षी आपण या वॉर्डात असू की नाही याचीच शाश्वती नाही. व्यापारी माणूस मात्र एका जागी तीस वर्षे बसतो. गल्लीतील प्रत्येक जण त्याच्या दुकानाची पायरी चढतो, लोकांच्या अडीअडचणी त्याच्या कानी पडतात, आणि प्रसंगी तो हात मोकळा सोडू शकतो. राजकारणास लागणारे हे भांडवल आपल्यापाशी नव्हते.

महाराष्ट्रात आपल्यासारख्या वर्गासाठी आणखी एक वाट आहे. तेथे विधान परिषद आहे. तिच्या अठ्ठ्याहत्तर जागांपैकी सात पदवीधरांच्या आणि सात शिक्षकांच्या मतांनी भरल्या जातात. एखादा निवृत्त मुख्याध्यापक त्या वाटेने सभागृहात जाऊ शकतो. मध्य प्रदेशासाठीही १९५६ साली दुसऱ्या सभागृहाची तरतूद घटनेत करण्यात आली होती. परंतु ते सभागृह कधीच अस्तित्वात आले नाही. तेव्हा येथे जायचे तर एकाच दाराने जायचे. ते दार म्हणजे दोन लाखांच्या घरातील मतदारांची वस्ती, आणि तीत मराठी घरे बोटांवर मोजण्याइतकी. जबलपूर जिल्ह्यात विधानसभेचे आठ मतदारसंघ आहेत. त्यांतील एकही मतदारसंघ मराठी मतांवर जिंकता येणार नाही, हे समजून घेण्यास गणिताची पदवी लागत नाही.

येथपर्यंत अडचणी झाल्या. आता, घर कोणते आणि कारण कोणते, हे ज्यांच्या बाबतीत स्पष्ट दिसते अशा दोन व्यक्तींची उदाहरणे आम्ही देऊ इच्छितो.

पहिले उदाहरण याच शहरातले. सुभद्राकुमारी चौहान मराठी नव्हत्या. त्यांचा जन्म १९०४ साली अलाहाबादेजवळच्या निहालपूर गावी झाला. १९१९ साली खांडव्याच्या ठाकूर लक्ष्मणसिंहांशी विवाह झाला आणि पुढे त्या जबलपूरच्या झाल्या. झाशीच्या राणीवरील त्यांची कविता हिंदी भाषकांच्या तीन पिढ्यांना मुखोद्गत आहे. तांबे घराण्यात जन्मलेल्या आणि नेवाळकरांच्या घरी गेलेल्या एका मराठी स्त्रीला उत्तरेच्या घराघरांत पोहोचविण्याचे काम जबलपूरच्या या हिंदी कवयित्रीने केले, हे ऋण आपण विसरू नये. १९२३ मध्ये जबलपुरात सुरू झालेला झेंडा सत्याग्रह नागपूरला पोहोचला, तेव्हा सुभद्राकुमारींनी तेथे जाऊन स्वतःस अटक करवून घेतली. त्या वेळी त्यांचे वय वीसही नव्हते. १९४२ मध्ये पुन्हा कारावास घडला. १९३५ च्या कायद्यान्वये १९३६-३७ साली निवडणुका झाल्या. त्या सुमारास त्या प्रांतिक विधानसभेच्या सभासद झाल्या. १५ फेब्रुवारी १९४८ रोजी नागपूरच्या अधिवेशनाहून जबलपूरला परतत असता सिवनीजवळ मोटार अपघातात त्यांचा अंत झाला. वय अवघे त्रेचाळीस. नागपूर-जबलपूर हा तोच रस्ता, ज्याने आपल्या आजोबा-पणजोबांची ये-जा होती.

या उदाहरणात आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, उमेदवारी त्यांच्या आयुष्यात नंतर आली; काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. सभागृहात जाण्यापूर्वी त्या तुरुंगात गेल्या होत्या. ‘आपण कशासाठी उभ्या आहात?’ असे त्यांना कोणी विचारण्याची गरजच नव्हती. उत्तर सर्वांसमोर होते. त्यांचे घर अलाहाबादचे, सासर खांडव्याचे आणि कार्य जबलपूरचे. ‘स्थानिक’ या शब्दाचा अर्थ जन्मस्थळावरून ठरत नाही, तो अशा जीवनावरून ठरतो.

दुसरे उदाहरण आपल्याच भाषेचे, पण इंदूरचे. श्रीमती सुमित्रा महाजन यांचा जन्म १९४३ साली चिपळूणच्या साठे घराण्यात झाला. विवाहानंतर त्या इंदूरला आल्या. तेथे त्यांनी एम.ए. आणि एल.एल.बी. या पदव्या घेतल्या. त्या रामायणावर प्रवचने करीत. महिला मंडळे, कीर्तन-प्रवचने, हळदीकुंकू हे आपल्या स्त्रियांचे जग. त्याच जगातून त्या पुढे आल्या. प्रथम नगरपालिकेचे काम, मग १९८४ साली इंदूरचे उपमहापौरपद. १९८५ मध्ये त्यांनी विधानसभेची निवडणूक लढविली आणि त्यात त्या पराभूत झाल्या. पुढे १९८९ मध्ये, मुख्यमंत्री आणि केंद्रीय गृहमंत्री राहिलेल्या प्रकाशचंद्र सेठींचा त्यांनी लोकसभेत पराभव केला. तेथून २०१४ पर्यंत सलग आठ वेळा त्या निवडून गेल्या आणि २०१४ ते २०१९ या काळात लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. इंदूर हे होळकरांचे शहर, तेथे मराठी वस्ती जबलपूरहून दाट. तरीही आठ वेळा निवडून येण्यास नुसती मराठी मते पुरली नसती, हे उघड आहे. साऱ्या शहराने त्यांना ‘ताई’ म्हटले. मराठी घरातला हा शब्द हिंदी शहराच्या तोंडी बसला. पक्षाच्या बाजूने वा विरुद्ध बोलणे आमच्या नियमात बसत नाही आणि तो आमचा हेतूही नाही. आमच्या तरुण मित्रांनी या चरित्रातील पायऱ्यांचा क्रम मात्र अवश्य पाहावा. आधी वॉर्ड, मग शहर, मग पराभव, आणि पराभवानंतर पुन्हा काम.

माधवराव सप्रे यांचे नाव येथे घेतल्यावाचून राहवत नाही, जरी ते उमेदवार नव्हते. दमोह जिल्ह्यातील पथरियाचा हा मराठी मनुष्य हिंदी पत्रकारितेच्या आद्य पुरुषांपैकी एक झाला. ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत नेले. १९२० साली जबलपुरातून निघालेल्या ‘कर्मवीर’ पत्राच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. आपले उत्तम ते शेजाऱ्याला दिले आणि शेजाऱ्याने त्यांना आपले म्हटले. परमुलखात राहणाऱ्या माणसाला प्रतिष्ठा कोणत्या मार्गाने मिळते, याचे याहून स्वच्छ उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

आता मूळ प्रश्न. मंडळाने पाठिंब्याचे पत्र द्यावे काय?

‘हा आपला मराठी माणूस आहे, म्हणून त्याला मत द्या’ असे पत्र कितीही आपुलकीने लिहिले, तरी ते त्या उमेदवाराच्याच गळ्याशी येऊ शकते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ (३) अन्वये धर्म, वंश, जात, समाज वा भाषा यांच्या आधारावर मत मागणे हे ‘भ्रष्ट आचरण’ ठरते. उमेदवाराच्या संमतीने दुसऱ्या कोणी तसे मागितले, तरी तेही त्याच सदरात येते. १९९० च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीतील सांताक्रूझच्या एका वादातून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींपुढे गेला. २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने निकाल लागला की, हा निर्बंध केवळ उमेदवाराच्या धर्म-भाषेपुरता नसून मतदाराच्या धर्म-भाषेलाही लागू आहे. अशा आचरणामुळे झालेली निवड रद्द होऊ शकते आणि उमेदवार पुढे अपात्रही ठरू शकतो. जो कार्यकर्ता मंडळाकडे पत्र मागतो आहे, त्याच्या हाती आपण असे शस्त्र देऊ, की ज्याची धार त्याच्याच बाजूला आहे.

परंतु न्यायालयाने दुसरी बाजूही सांगून ठेवली आहे. १९६४ च्या एका निर्णयात, तेव्हाच्या पंजाबातील झज्जर मतदारसंघाच्या प्रकरणी, न्यायालयाने म्हटले की, आपली भाषा जतन करण्याचा हक्क संविधानाच्या २९ व्या अनुच्छेदाने दिलेला आहे. तेव्हा भाषेच्या जतनासाठी कार्य करीन, असे मतदारांना आश्वासन देणे हे भ्रष्ट आचरण नव्हे. हा भेद फार मोलाचा आहे. ‘मी मराठी आहे, म्हणून मला मत द्या’ हे निषिद्ध. ‘ज्या मुलांची मातृभाषा अल्पसंख्य आहे, त्यांच्या प्राथमिक शिक्षणासाठी मी सभागृहात झटेन’ हे विहित. पहिल्या वाक्यात उमेदवार आपले घर पुढे करतो, दुसऱ्यात आपले कारण. शिवाय दुसऱ्या वाक्यात आपल्याबरोबर बंगाली येतो, सिंधी येतो, तेलुगू येतो आणि गोंडी बोलणारा आदिवासीही येतो. हिंदी भाषक शेजाऱ्यालाही त्यात परकेपणा वाटण्याचे कारण नाही.

म्हणून जे सभासद ‘पत्र द्या’ म्हणतात, त्यांना आमची विनंती की, त्यांनी पत्राचा आग्रह सोडावा. मंडळ सर्वांचे आहे. त्यात निरनिराळ्या पक्षांना मत देणारी माणसे एका सतरंजीवर बसतात. ही सतरंजी पन्नास वर्षे टिकली, ती तिच्यावर कोणत्याही पक्षाचा शिक्का बसला नाही म्हणून.

आणि जे सभासद ‘राजकारण आपले काम नव्हे’ म्हणतात, त्यांनाही तितक्याच आदराने विचारावेसे वाटते की, मग ते कोणाचे काम? शाळेची मान्यता, सभागृहाचा मालमत्ताकर, गणेशविसर्जनाची ग्वारीघाटावरील व्यवस्था, यांतील कोणते काम राज्यकारभाराच्या बाहेरचे आहे? आम्ही नोकरदारांनी नियमाने तोंड बंद ठेवले, ते योग्यच केले. पण तो नियम सेवकासाठी आहे. त्याच्या सज्ञान मुलासाठी नाही, सुनेसाठी नाही आणि निवृत्त माणसासाठीही नाही. आपली सावधगिरी हा आपला स्वभाव झाला. तिला सद्गुण समजून पुढल्या पिढीच्या पायात अडकविणे बरोबर नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिकांत स्त्रियांना एक-तृतीयांश जागा दिल्या. मध्य प्रदेशाने पुढे त्या निम्म्या केल्या. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने विधानसभांतही एक-तृतीयांश जागांची तरतूद केली. आपल्या महिला शाखेने इतकी वर्षे हिशेब चोख ठेवले, हजार माणसांची पंगत वेळेवर उठविली, भांडणे मिटविली. नगरसेविकेला याहून निराळे काय करावयाचे असते?

मंडळाने काय करावे, याविषयी आमची सूचना साधी आहे. पत्र कोणालाही देऊ नये. व्यासपीठ सर्वांना द्यावे. निवडणूक जाहीर झाली की आपल्या भागातील सर्व पक्षांच्या आणि अपक्ष उमेदवारांना एकाच सभेचे निमंत्रण द्यावे. आपला कार्यकर्ता त्यांत असेल तर तोही त्याच रांगेत, त्याच खुर्चीवर, तेवढाच वेळ बसेल. प्रत्येकाचे शपथपत्र आधी वाचून ठेवावे आणि प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारावेत. पहिला, उमेदवारी मिळण्यापूर्वी या वस्तीसाठी आपण कोणते काम केले? दुसरा, जे करण्यासाठी आपण आमदार होऊ पाहता, त्यातले कोणते काम आमदार न होता करता येणार नाही? तिसरा, निवडून आला नाहीत, तर पुढल्या वर्षी या दिवशी आपण काय करीत असाल?

या तिहींपैकी दुसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे. आमदाराचे काम कायदे करणे, अंदाजपत्रक तपासणे आणि सरकारला जाब विचारणे. नाली बांधणे आणि दिवा लावणे हे नगर निगमाचे काम. ज्याला या दोहोंतला फरक सांगता येत नाही, त्याला आपण कोठे जात आहोत हेच ठाऊक नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र माणसाची पारख करून देते. १९८५ साली पराभूत झालेल्या एका मराठी बाईंनी त्याचे उत्तर चार वर्षांनी दिले, हे आपण पाहिलेच.

शेवटी, आमचा तो तरुण कार्यकर्ता आज श्रोत्यांत बसला आहे. त्याला आम्ही आमचे मत सांगू शकत नाही. त्याच्या आईवडिलांना मात्र एवढे सांगावेसे वाटते की, आपल्या मुलाला उभे राहावेसे वाटले, यात लाज वाटण्याजोगे काही नाही आणि नुसते उभे राहिल्याने अभिमान बाळगण्याजोगेही अद्याप काही नाही. तो कशासाठी उभा राहतो, ते त्याने या शहराला समजेल अशा हिंदीत आणि आपल्याला पटेल अशा मराठीत सांगावे. त्याचे म्हणणे दोन्ही भाषांत सारखेच असेल, तर त्याचे कारण खरे आहे असे समजावे.

आणि ज्या दोन घरांमध्ये अबोला धरला गेला आहे, त्यांनी येत्या गणेशोत्सवात पुन्हा शेजारी पाने मांडावीत, ही आमची वयाच्या अधिकाराने केलेली विनंती आहे. उमेदवार येतील आणि जातील. मंडळाला आता पन्नास वर्षे झाली. त्याची शंभर व्हावयाची आहेत.